पॅनमनमामांचा पंप

पॅनमनमामा कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवायच्या आधी ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून चोळून बघत. चहा आणून दिला की त्यात बोट बुडवायचे, थेंब चिमटीत घेऊन बोटं हळूच लांब करायचे आणि मगच कप तोंडाला लावायचे. लाकडाचा भुसा, सरस, मामींनी केलेलं वरण, आमच्या सुतार संस्थेच्या चेअरमनच्या नव्या सदऱ्याचं कापड, सगळ्यांची परीक्षा त्याच चिमटीत. एकदा संस्थेत तपासणीला आलेल्या साहेबांनी हात मिळवायला पुढे केला, तर मामांनी त्यांच्या बाहीचं टोक चोळून "टेरिकॉट हाय," असा निकाल दिला. साहेब हसले म्हणून बरं. त्यानंतर कुणी साहेब येणार असले की मामांच्या दोन्ही हातांत काहीतरी जड देऊन त्यांना उभं करायचं, असं आम्ही ठरवून टाकलं.

ही खोड त्यांना कारखान्यानं लावली होती. मामा एका सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. ज्यांनी साखर फक्त डब्यात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगते. उसाच्या रसाचा पाक ज्या दोन मजली उंच बंद हंड्यात शिजतो, तो पॅन. त्यातली हवा पंपानं ओढून घेतात, म्हणजे पाक थोड्या आचेवरही उकळतो, करपत नाही आणि दाणा धरतो. पॅनमन मधूनमधून पाकाचा थेंब काढून चिमटीत बघतो आणि दाणा कुठवर आला ते ओळखतो. नांदूरघाटाकडच्या एका मेंढपाळाचा हा मुलगा कारखान्यात झाडू मारायला लागला आणि चढत चढत पॅनपर्यंत पोचला. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त मतदानाच्या कार्डावर उरलं. मामींनासुद्धा बाजारात सगळे 'पॅनमनची मंडळी' म्हणूनच ओळखत.

दुसरी गोष्ट त्यांचा आवाज. पॅनच्या मजल्यावर एवढा गोंगाट असतो म्हणे की तिथे माणसं ओरडूनच बोलतात. मामा घरी बसले तरी आवाज कारखान्यातच राहिला. ते मामींच्या कानाशी लागून काही सांगायला लागले की गल्लीतल्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत. मामींची बोरमाळ तांदळाच्या डब्यात असते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मामींनी वैतागून जागा बदलली, तेव्हा "आता कोन्च्या डब्यात ठिवलीस?" हेही मामांनी सगळ्यांच्या वतीनं विचारून घेतलं.

मामा केजला आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले ते दुष्काळानं. पाऊस सलग दगा देत गेला, शेतात उरलासुरला ऊस होता तो चारा छावणीतल्या जनावरांनी खाल्ला आणि कारखान्याची चिमणी थंड झाली. कामगारांना सांगितलं, बोलावू तेव्हा या. गावात प्यायला पाणी नाही म्हणून मामा-मामी मामींच्या भावाच्या खोलीत येऊन राहिले आणि बोलावण्याची वाट बघू लागले. ती वाट बघण्यात तीन हंगाम गेले होते. मामा रोज सकाळी आंघोळ करून, कारखान्याचा खाकी शर्ट घालून ओट्यावर बसत.

त्याच दिवसांत आमची सुतार कारागिरांची सहकारी संस्था कशीबशी तग धरून होती. केजच्या बाहेर पत्र्याचं शेड आणि त्यात सरकारी योजनेतून आलेलं सीएनसी राउटर मशीन. संगणकावर आकार काढायचा, तो मशीनला द्यायचा, आणि फिरतं पातं आपोआप लाकूड कापत, कोरत जातं. गेवराईला माहेरी असताना मी संगणकाचा कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर संस्थेनं मला मशीनवर बसवलं. आमचे मिस्टर जन्माचे सुतार. ते लाकूड बघायचे, मी मशीन बघायची, आणि चेअरमन आप्पा आम्हा दोघांकडे बघत चहा प्यायचे.

दुष्काळात नवी घरं कोण बांधतो आणि दारं कोण करून घेतो? मोठं असं एकच काम हाती होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी गेवराईजवळ वसतिगृह होत होतं, त्याच्या कपाटांची दारं शाळा उघडायच्या आत करून द्यायची होती. ती झाली तर संस्था टिकणार. नाही झाली तर मशीनवर ताडपत्री टाकायची आणि आम्ही दोघांनी चाकणला माझ्या दिरांकडे जायचं, हे घरात ठरून गेलं होतं. दिरांनी त्यांच्या शेजारची खोलीही बघून ठेवली होती. मला जायचं नव्हतं. अमक्याची सून म्हणून न विचारता 'मशीनवाल्या ताई आहेत का?' असं लोक शेडच्या दारात येऊन विचारत, ते मला सोडायचं नव्हतं. चाकणला मिस्टरांना कुठेही काम मिळालं असतं, आणि मी खोलीत बसून त्यांच्या डब्याची वेळ बघत राहिले असते.

आणि नेमकं मशीनच ऐकेना. या मशीनवर शीट धरायला शिकंजे नसतात. टेबलाखालून पंप हवा ओढतो, शीटखालची हवा गेली की वरची हवा तिला अशी दाबून धरते की चौघांनी ओढली तरी हलत नाही. मधे कुठे स्क्रू नाही, काही नाही, पात्याला सगळीकडे मोकळं रान. आमची शीट मात्र मधेच सरकायची. एवढंसं सरकलं तरी पातं भलतीकडे घुसायचं आणि चांगलं दार जळणाच्या ढिगात जायचं. आमचा पंप पाण्यावर चालणारा, म्हणजे आत पाण्याचं कडं गरगर फिरतं आणि तेच हवा ओढतं. पाणी तापलं की ओढ कमी. मशीन विकणाऱ्यांचा माणूस येऊन म्हणाला, "पाणी थंड ठेवा, सारखं बदलत राहा." शेडबाहेर टँकरच्या पाण्यासाठी रांग लागलेली होती, तिच्यातून वाट काढतच तो गेला.

मामा त्या सुमाराला मोडलेल्या पलंगाचा पाय घेऊन शेडच्या दारात आले आणि तिथूनच ओरडले, "व्हाकम सुटायलंय!"

व्हाकम म्हणजे व्हॅक्यूम. मिस्टर म्हणाले, "मामा, पाय ठेवा तिकडं. उद्या बसवून देतो."

"पायाचं ऱ्हाऊ दे बे! पंप रडायलाय, ऐकू येईना का तुमाला?"

त्यांनी शीटवर तळवा ठेवला, डोळे मिटले, मग टेबलाच्या कडेला कान लावला. उठून म्हणाले, "उदबत्ती हाय का?" आता आमच्याकडे उदबत्ती मागितली की तिचा अर्थ एकच. आप्पांनी चपला काढल्या, कोपऱ्यातून उदबत्तीचा पुडा काढून दिला, एकाला नारळ आणायला पिटाळलं आणि हात जोडून डोळे मिटून उभे राहिले. मामा पेटवलेली उदबत्ती घेऊन टेबलाभोवती हळूहळू फिरायला लागले. फट नसेल तिथे धूर सरळ वर जायचा, फट असेल तिथे झटकन आत ओढला जायचा. तशा जागी मामा खडूनं खूण करायचे. दुसऱ्या फेरीला "हितं तर बोगदाच हाय!" असे ते इतक्या जोरात ओरडले की आप्पांना वाटलं देवच बोलला.

नारळ आलाच होता, तो फोडला. प्रसाद वाटला. फटी बुजवल्या त्या सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आणि कडांवर ऑइलपेंट मारून. पण लोकांच्या डोक्यात बसलं ते मामांनी मशीनची शांती केली हेच. तेव्हापासून जो तो शेडमध्ये चपला काढून यायला लागला. खाली लाकडाचे टोकदार तुकडे, ढलप्या, खिळे. मी ओरडून थकले. सगळ्यांच्या पायांत कुसळं मोडली तरी चपला घालून मशीनपाशी यायची कुणाची हिंमत होईना.

दुसऱ्या दिवसापासून मामा खाकी शर्ट घालून ओट्याऐवजी शेडमध्ये येऊ लागले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. व्हाकमची समजूत काढणं हेच आपलं काम आहे असं त्यांनी परस्पर ठरवलं. "पोरी, व्हाकम म्हंजी रुसायला टपलेला जावई," ते मला सांगायचे. "समद्या घरानं दारं-खिडक्या लावून बसावं तवा कुटं थांबतंय. एक खिडकी उघडी दिसली की निघालं गावाला." मी म्हटलं, असल्या जावयाला जाऊ द्यावं. ते म्हणाले, "साखर त्योच करतोय, जाऊ कसा देतीस?"

शीट लहान असली की टेबलाचा बाकीचा भाग उघडा पडतो आणि हवा तिकडून पळते. तो झाकायला मामांनी जे आणलं त्याची आठवण झाली की मला अजून हसू येतं. आमच्याकडे चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागलेले असतात. वाढदिवस होऊन गेले की ते तिथेच फडफडत राहतात. मामांनी तसले चार-पाच उतरवून आणले आणि उघड्या टेबलावर पसरले. पंप सुरू झाला आणि गॉगल घातलेले एक भावी आमदार टेबलाला असे चिकटले की त्यांचे गाल आत गेले. मामा त्यांच्या कपाळावर थाप मारून म्हणाले, "बसा सायेब. पैल्यांदाच जनतेच्या कामाला आलात." आप्पा त्याच साहेबांच्या पार्टीतले. ते दोन दिवस टेबलाच्या दुसऱ्या बाजूनंच जात होते. शेवटी मी फ्लेक्स उलटा करून पसरला.

माझं आणि मामांचं भांडणही झालं. कापलेला तुकडा लहान असला तर त्याला धरायला पुरेशी ओढ नसते, म्हणून मी शेवटचा पातळ पापुद्रा न कापता ठेवायची आणि नंतर तो हातानं सोडवायची. मामांना तो त्यांच्या व्हाकमचा अपमान वाटे. "भित्री हायस तू! आरपार काप. मी धरलंय न्हवं!" एकदा वैतागून मी आरपार कापलं. तुकडा पात्याच्या धक्क्यानं उडाला आणि थेट आप्पांच्या हातातल्या कपाला लागला. कप गेला, आप्पा वाचले. मामांनी तुकडा उचलला, चिमटीत चोळला आणि म्हणाले, "पापुद्रा ठेवीत जा." मला त्या दिवशी किती बरं वाटलं म्हणून सांगू.

एवढं होऊन पाण्याचं दुखणं तसंच होतं. टँकर आला की आम्ही पंपासाठी दोन घागरी घ्यायचो. एक दिवस शेडमागे राहणाऱ्या शांताबाई रिकामी घागर घेऊन आत आल्या आणि ती त्यांनी माझ्या टेबलावर आदळली. "कावून गं? मशीनला पानी हाय अन् माज्या म्हशीला न्हाई? मशीन दूध देतीय का तुमची?"

मी तशी तोंडाची फटकळ, पण बाई खरं बोलत होती. मामाच पुढे झाले. "बाई, तुमचं बराबर हाय. आजपासनं टँकरचा एक तांब्या पंपात पडला तर ह्यो पॅनमन पुन्ना हितं दिसायचा न्हाई." हे त्यांच्या नेहमीच्या आवाजात असल्यामुळे टँकरच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

मग मामांनी पाण्याचं पिंप शेडच्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं, म्हणजे पाणी कमी तापेल. पंपातून बाहेर पडणारं पाणी पुन्हा पिंपातच येईल अशी नळी फिरवली. काम पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत थांबवायचं ठरलं. तरी पाणी उडून जायचंच. ते भरून काढायला मामांनी एक जागा शोधली. गावात थंड पाण्याचे जार भरून देणारे फिल्टरवाले होते. पाणी गाळून झालं की उरलेलं खारट पाणी ते नालीत सोडत. "फुकट चाललंय की!" मामा म्हणाले आणि कॅन भरून आणायला लागले. पाणी चिमटीत चोळून बघितलं होतं, जिभेवर ठेवूनही बघितलं होतं. "खारं हाय, पन पंपाला काय भाजी करायचीय?"

अर्ध्याच्या वर दारं झाली. शाळा उघडायला पंधरवडा उरला असताना एका सकाळी पंप घरघरला, करकरला आणि जागीच आवळून बसला. मिस्टरांनी झाकण खोलून आत बॅटरी मारली. चहाच्या जुन्या पातेल्याला बसतो तसा पांढरा कठीण थर आत सगळीकडे बसला होता. त्या खाऱ्या पाण्यातला क्षार. मामा बघत उभे राहिले, मग घरी निघून गेले.

दोन दिवस गल्लीत त्यांचा आवाज नाही. तिसऱ्या दिवशी मामी माझ्या दारात आल्या. "पोरी, लई वर्सं मी त्येंच्या आवाजाला कटाळून गेलते. पन आता घरात करमंना. तू तरी चल." इकडे मिस्टरांनी चाकणला फोन करून टाकला होता, खोली कुणाला देऊ नका म्हणून. मी पेट्यांवरची धूळ पुसायला घेतली होती आणि प्रत्येक पेटी पुसताना मला रडू येत होतं.

मामा ओट्यावर खाकी शर्ट न घालता बसले होते. मी म्हटलं, "मामा, पंप मी खोलू का?"

"तुला न्हाई जमायचं."

"मग चला."

"मीच बिघडवलाय त्यो. शिकल्यावानी बोललो अन् खारं पानी पाजलं."

"म्हणूनच म्हणते, चला. दुसऱ्यानं बिघडवला असता तर दुसऱ्याला बोलावलं असतं."

ते उठले आणि आत जाऊन शर्ट घालून आले.

पंपाचे सगळे भाग सुटे करून जमिनीवर मांडले. कारखान्यात नळ्यांना असला थर बसला की औषधं घालून उकळतात, इथे मामांनी किराणा दुकानातून लिंबूफूल, म्हणजे लिंबाचं सत्त्व, मागवलं. ते पाण्यात कालवून एकेक भाग त्यात बुडवला. थर फसफसून सुटायला लागला. आम्ही तिघं घासत बसलो असतानाच दारात मोटारसायकल थांबली. कारखान्याचा टाइमकीपर होता. मामांना शोधत आधी घरी जाऊन आला होता.

"पॅनमन, बोलावनं हाय! गोदाकाठाला ऊस हाय, यंदा एक पॅन चालवायचाय. दुरुस्तीला सोमवारी हजर व्हा. एकाच पॅनला मानसं घ्यायलेत, उशीर केला तर जागा दुसऱ्याला जाती बगा."

मामांच्या हातातला ब्रश थांबला. तीन हंगाम रोज शर्ट घालून ओट्यावर बसले होते ते याचसाठी. मी मिस्टरांकडे बघितलं, मिस्टर जमिनीकडे. जा म्हणायला जीभ वळत नव्हती आणि थांबा म्हणायचा हक्क नव्हता.

"सायबाला सांगा," मामा म्हणाले, "माजा पंप उघडा पडलाय. झाकला की येतो."

"अवो, सोमवार!"

"पाक पॅनात असताना भोंगा झाला म्हनून पॅनमन जागचा हालतो का? हाललाय का मी कदी? तसंच सांगा."

टाइमकीपर डोकं हलवत गेला. मामा पुन्हा घासायला लागले. मिस्टर हळूच म्हणाले, "मामा, जागा गेली तर?" मामा ओरडले, "घास बे गुमान!" आणि आम्हाला दोघांनाही जरा बरं वाटलं.

पंप स्वच्छ झाला. आता पाणी कुठलं घालायचं? टँकरचं घ्यायचं नाही, बोअरचं तर फिल्टरवाल्यांपेक्षा निराळं नाही. मामा दुपारभर गावात फिरून आले. ते मान वर करून चालत होते असं लोकांनी नंतर सांगितलं. परत येऊन म्हणाले, "एसीचं पानी!"

कारखान्यात वाफ थंड होऊन जे पाणी मिळतं ते सगळ्यात चांगलं, त्यात क्षार नसतो. एसीच्या नळीतून गळतं तेही हवेतलंच पाणी. बँक, एटीएम, दोन दवाखाने, मोबाइलचं दुकान, सगळ्यांच्या नळ्यांखाली आम्ही कॅन बांधले. पण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत एसीला गळून गळून गळणार किती? सगळ्यात जास्त गळायची ती शेडमागच्या मोठ्या दवाखान्याची नळी, आणि ती उतरत होती शांताबाईंच्या अंगणात. त्यांची म्हैस तेच पाणी प्यायची.

मामा त्यांच्या दारात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलायचा प्रयत्न करत होते, म्हणून शांताबाईंना काही ऐकूच येईना. "काय म्हनताव? मोट्यानं बोला की!" मग मामा नेहमीसारखे बोलले आणि सगळं सांगून टाकलं: खारं पाणी, चूक, उघडा पंप, वसतिगृहाची दारं. शांताबाई ऐकत उभ्या राहिल्या. त्यांची लेक-जावई दर साल कोयता घेऊन ऊसतोडीला जात, नात त्यांच्यापाशी. ती यंदा त्याच वसतिगृहात जाणार होती. "न्या," त्या म्हणाल्या. "म्हशीला मी बगते. पन टँकरचं घेतलं न्हाईत, ह्ये मी बगितलंय, म्हनून देतीय."

पिंप थेंबाथेंबानं भरत होतं आणि सोमवार आला. मामा कारखान्यात गेले नाहीत. ते दर थोड्या वेळानं पिंपात काठी बुडवून बघत होते. मंगळवारी आभाळ दाटून आलं, पाऊस नाही पडला, पण हवा दमट झाली आणि कॅन एकदम भराभर भरायला लागले. बुधवारी पहाटे मामांनी पंप सुरू केला. आधी नुसता पाण्याचा खळखळाट, मग आवाज बारीक होत होत एकसारखा झाला. मामांनी शीटवर तळवा ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "लाव पातं," ते म्हणाले.

राहिलेली दारं दोन दिवसांत झाली. शेवटच्या दाराला पातं फिरू लागलं. पातं वर आलं, मी पंप बंद केला, पापुद्रा सोडवून दार बाहेर काढलं, आणि मिस्टर मटकन खाली भुशात बसले. आप्पांनी मामांना मिठी मारली. मामा म्हणाले, "सोडा, जीप जाईल." ते घरी जाऊन मामींना आणि पिशवीला घेऊन थेट स्टँडवर गेले. आम्ही पाया पडायला धावत पोचलो तर जीप निघालेली. मागच्या दारात लटकून ते ओरडले, "पिंप झाकून ठिवा गं! घान पडती!"

त्या संध्याकाळी मिस्टरांनी चाकणला फोन लावला. "दादा, ती खोली दुसऱ्याला देऊन टाक. आम्ही येत नाही." एवढंच बोलले. मी दारापाशी उभी होते. मी उंबऱ्यावर बसून पोटभर रडले. इतकं मोकळं मला लग्नात निरोपाच्या वेळीही रडता आलं नव्हतं.

मामांचा फोन दोन दिवसांनी आला. मी तो हातभर लांब धरून ऐकला. "अगं, सोमवार सोमवार म्हनून त्या टाइमकीपरनं जीव काडला माजा. हितं येऊन बगतो तर सायेबच गुर्वारी उगवले! जागा हाय तिथंच हाय!" आम्ही दोघं हसत सुटलो. मागून मामींचा आवाज आला, "हळू बोला, हळू!" नंतरचे बरेच हंगाम मामांनी त्या पॅनवर काढले, निवृत्त होऊन नांदूरघाटाकडे आपल्या गावी गेले, आणि अधूनमधून शेडमध्ये येऊन पंपाची खबर घेत राहिले. आमची संस्था टिकली. मशीनवर अजून मीच बसते.

मामा गेल्याचं कळलं तेव्हाही मी मशीनवरच होते. मिस्टर दारातून म्हणाले, "बंद कर, निघू या." टेबलावर शीट धरलेली होती, दार अर्धं कापून झालं होतं. मी म्हटलं, "एवढं होऊ दे." ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पातं शेवटची कड संपवून वर आलं, मी पंप बंद केला, आणि मग आम्ही नांदूरघाटची जीप पकडली.